स्टेशन म्हणजे माणसं: अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष ब्रेंडन कार आणि सर्व आयुक्त,
फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, वॉशिंग्टन डी. सी.

सादर नमस्कार.

२४ ऑक्टोबर २०१७ रोजी आपल्या आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी 'मेन स्टुडिओ रूल' रद्द केला. ज्या गावासाठी रेडिओ स्टेशनला परवाना मिळाला आहे, त्या गावात किंवा त्याच्या आसपास स्टेशनचा मुख्य स्टुडिओ असलाच पाहिजे आणि कामाच्या वेळात तिथे माणसं हजर असली पाहिजेत, असं हा नियम सांगत होता. त्याची मुळं १९३९ पर्यंत जातात. मधल्या काळात तो कधी सैल झाला, कधी आवळला गेला, पण गावाला स्टेशन म्हणजे गावाजवळ एक दार, हे त्यातलं सूत्र टिकून होतं. जानेवारी २०१८ पासून ते दार ठेवण्याची सक्ती उरली नाही. त्याऐवजी आयोगाने एक फोन नंबर मागितला, स्थानिक किंवा टोल-फ्री.

अध्यक्ष महोदय, त्या दिवशी आपण आयुक्त होतात आणि आपलं मत नियम काढण्याच्या बाजूने होतं. आज आपण अध्यक्ष आहात. मार्च २०२५ मध्ये आपण 'डिलीट, डिलीट, डिलीट' या नावाने जुने नियम काढून टाकण्याची मोहीम सुरू केली. एका शहरात एका मालकाकडे किती स्टेशनं असावीत, ही मर्यादाही पुन्हा तपासायला घेतली. म्हणून आता गप्प बसवत नाही.

याच आशयाचं पत्र मी आपल्याकडे इंग्रजीतून दिलं आहे. मराठीतून लिहिते आहे, कारण जॉर्जियापासून न्यू जर्सीपर्यंत गाडी चालवताना रेडिओ ऐकणारी हजारो मराठी माणसं या निर्णयाच्या परिणामात राहतात आणि त्यांना हा निर्णय झाल्याचंच माहीत नाही.

माझा या सगळ्याशी संबंध काय, ते सांगते. जॉर्जिया राज्यातल्या एका लहान गावातल्या स्टेशनवर मी ट्रॅफिक विभागात काम करत होते. कोणती जाहिरात किती वाजून किती मिनिटांनी वाजायची, एका टायरवाल्याच्या मागोमाग दुसरा टायरवाला येणार नाही हे कसं बघायचं, शाळेच्या फुटबॉल सामन्याचं प्रक्षेपण लांबलं तर राहिलेल्या जाहिराती कुठे बसवायच्या, याचा रोजचा लॉग मी बनवत असे. नियम गेल्यानंतर काही काळाने आमचं ऑफिस बंद झालं. परवाना त्याच गावाचा राहिला, फ्रिक्वेन्सी तीच, टॉवर तिथेच उभा. आवाज मात्र दुसऱ्या राज्यातून येऊ लागला. स्टेशनचं किंवा मालकाचं नाव मी इथे घेत नाही. त्याने बेकायदा काहीच केलं नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

आता माझी साक्ष. ती एका विनोदी मालिकेची आहे आणि मी ती पूर्ण गांभीर्याने काढते आहे.

सप्टेंबर १९७८ ते एप्रिल १९८२ या काळात सीबीएस वाहिनीवर 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही मालिका चालली. चार पर्व, ९० भाग. सिनसिनाटीतलं एक डबघाईला आलेलं रेडिओ स्टेशन आणि तिथे काम करणारी माणसं, एवढाच तिचा विषय. बघणाऱ्याला वाटावं, हे सगळं कोणीतरी खोलीत बसून रचलं असेल. तसं नव्हतं. मालिकेचे निर्माते ह्यू विल्सन आधी अटलांटामध्ये जाहिरात व्यवसायात होते. त्या कामामुळे त्यांची ऊठबस अटलांटाच्या ७९० एएमवरच्या डब्ल्यूक्यूएक्सआय स्टेशनवर होती. मालिकेतली माणसं त्यांनी तिथून उचलली. कामकाज बघणारे जेरी ब्लम हे मालिकेतल्या गोंधळलेल्या, प्रेमळ मॅनेजरचं मूळ. 'स्किनी' बॉबी हार्पर या सकाळच्या निवेदकावरून डॉक्टर जॉनी फीव्हर घडला. जाहिराती विकणाऱ्या क्लार्क ब्राउन यांच्यावरून हर्ब टार्लेक. मालिकेचा सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या प्रसिद्धीसाठी हेलिकॉप्टरमधून जिवंत टर्की खाली सोडण्याचा. तो लिहिणारे बिल डायल स्वतः डब्ल्यूक्यूएक्सआयवर काम केलेले होते. आणि त्या प्रसंगाचं बीजही रेडिओतलंच. ट्रकमधून टर्की उधळण्याचा एक खरा, फसलेला उपद्व्याप जेरी ब्लम यांच्या नावावर सांगितला जातो.

डॉक्टर जॉनी फीव्हर साकारणारे हॉवर्ड हेसमन यांनी साठच्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स स्टेशनवर खरोखर निवेदन केलं होतं. म्हणून मायक्रोफोनसमोर त्यांचं बसणं, तबकडी लावताना हात न बघता बोलत राहणं, एका गाण्याची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली यांच्यामधल्या दीड सेकंदात श्वास घेणं, हे अभिनयासारखं दिसत नाही. ज्याने स्टेशनवर काम केलं आहे त्याला हे पहिल्या भागातच कळतं.

त्या मालिकेतला बातमीदार लेस नेसमन मला विशेष जवळचा. त्याला स्वतंत्र खोली मिळालेली नाही. म्हणून त्याने आपल्या टेबलाभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावली आहे. त्या पट्टीला तो भिंत मानतो आणि येणाऱ्या प्रत्येकाने नसलेलं दार ठोठावून आत यावं, असा त्याचा आग्रह. लोक हसतात. मला त्या प्रसंगात लहान स्टेशनवरच्या बातमी विभागाची नेमकी स्थिती दिसते. आमच्याकडे बातमीदाराचं टेबल फोटोकॉपीच्या यंत्राला चिकटून होतं. यंत्र चालू झालं की त्याला फोनवर समोरच्याचं बोलणं ऐकू येत नसे. पण शाळा मंडळाच्या प्रत्येक बैठकीला तो हजर असे. पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव रात्री पावणेदहाला झाला, तर सकाळी सहाच्या बातम्यांत तो असे. आज त्या बैठकीत रेडिओतर्फे कोणीही बसत नाही. ठराव होतच असतात.

मालिकेने हसवण्यापलीकडे काय केलं, तेही आपण बघावं. ३ डिसेंबर १९७९ रोजी सिनसिनाटीच्या रिव्हरफ्रंट कोलिझियममध्ये 'द हू' या बँडच्या कार्यक्रमाआधी दाराशी चेंगराचेंगरी झाली आणि ११ तरुण माणसं मेली. जागा राखीव नव्हत्या, जो आधी शिरेल त्याला पुढची जागा. फेब्रुवारी १९८० मध्ये डब्ल्यूकेआरपीने या घटनेवर एक भाग केला. पहिल्या अर्ध्यात स्टेशनवर त्या कार्यक्रमाची धामधूम. दुसऱ्या अर्ध्यात दुसरी सकाळ. ज्यांनी आदल्या दिवसापर्यंत श्रोत्यांना त्या कार्यक्रमाला या, या म्हणून सांगितलं, ती माणसं आता एकमेकांकडे बघत बसली आहेत. विनोदी मालिकेत असं करणं सोपं नव्हतं. ते खरं वाटलं, कारण काल्पनिक का होईना, ते स्टेशन सिनसिनाटीत होतं. तिकिटं वाटणारा निवेदक आणि तिकीट घेणारा मुलगा एकाच शहरात राहत होते. आपण काय बोललो याची जबाबदारी त्या निवेदकावर येत होती, कारण उद्या दुकानात त्या मुलाची आई समोर येणार होती.

आपल्या २०१७ च्या आदेशात तंत्रज्ञानाबद्दल, खर्चाबद्दल, ऑनलाइन फायलींबद्दल पानंच्या पानं आहेत. ही जबाबदारी मात्र ज्या गोष्टीतून येते, त्या शेजाराला त्यात जागा मिळाली नाही.

डब्ल्यूकेआरपी एकटी नाही. १९९३ ते २००४ चाललेल्या 'फ्रेजर'मध्ये सिॲटलचं केएसीएल होतं, तर १९९५ ते १९९९ च्या 'न्यूजरेडिओ'मध्ये न्यूयॉर्कचं डब्ल्यूएनवायएक्स. दोन्ही काल्पनिक, पण दोन्हींत खोली आहे, काच आहे, काचेपलीकडे प्रोड्यूसर आहे, चहा-कॉफीची जागा आहे आणि त्या जागेवरून होणारी भांडणं आहेत. मग मार्च २०१८ मध्ये, म्हणजे आपला आदेश लागू झाल्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, एबीसी वाहिनीवर 'अ‍ॅलेक्स, इंक.' आली. तिचा नायक रेडिओतली नोकरी सोडून पॉडकास्टची कंपनी काढतो. तीसुद्धा एका खऱ्या माणसाच्या खऱ्या अनुभवावर आधारलेली. ही मालिका आपल्या आदेशामुळे आली असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की मालिका लिहिणारी माणसं खऱ्या कामाच्या जागा बघून लिहितात, आणि त्यांना आता रेडिओतून बाहेर पडणारा माणूस दिसतो आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे परकं वाटू नये. ज्या पिढीची सकाळ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर उजाडली, तिला हे सहज कळेल. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि दोनच वर्षांत, १९५५ च्या एप्रिलमध्ये, तिथून गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक गीत, ५६ गीतं. गदिमा लिहिणार, बाबूजी चाल लावणार, गायक-वादक जमणार, आणि ठरलेल्या दिवशी ते हवेत जाणार म्हणजे जाणार. असं काम जमतं तेव्हा त्यामागे एक इमारत असते, तिच्यात एकमेकांच्या तोंडावर उशीर झाला म्हणून चिडणारी माणसं असतात. व्यंकटेश माडगूळकरांनी त्याच केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांसाठी वर्षानुवर्षं नोकरी केली. २०२३ च्या जूनमध्ये याच पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय झाला तेव्हा पुणेकरांनी आवाज उठवला आणि निर्णय थांबला. तिथे थांबवता येतो, तर इथे का नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार फोन नंबरची. श्रोत्याला स्टेशनशी संपर्क साधायचा असेल तर फोन आणि ईमेल पुरेसे आहेत, लोक तसेही स्टेशनवर फारसे येत नाहीत, असं आदेशात गृहीत धरलं आहे. लोक येत होते. आमच्याकडे हरवलेल्या कुत्र्याचा फोटो घेऊन लोक येत. रेडिओवर फोटो दिसत नाही हे माहीत असूनही येत, आणि आमची रिसेप्शनवरची बाई त्या कुत्र्याचं वर्णन लिहून घेत असे. चर्चच्या जेवणाची पत्रकं येत. दफनविधीची वेळ सांगायला लोक येत, कारण ती वेळ चुकली तर पुन्हा दुरुस्त करता येत नाही. गावातल्या एका शेतकरी बाईंना जाहिरात द्यायची होती आणि त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या माझ्यासमोर बसल्या, बोलल्या, मी लिहिलं. टोल-फ्री नंबरवर त्या कोणाशी बोलल्या असत्या? आणि सगळ्यात मोठी गोष्ट: तक्रार घेऊन येणारा माणूस. बातमीत चूक झाली, नाव चुकलं, कोणाची बदनामी झाली, तर तो दारात येऊन उभा राहत असे आणि संपादकाला बाहेर यावं लागे.

दुसरी तक्रार. नियम काढल्याने वाचलेला पैसा स्थानिक कार्यक्रमांकडे वळवता येईल, असं आयोगाने म्हटलं होतं. त्या पैशाचा हिशेब आयोगाने परवानाधारकांकडून मागितलेला माझ्या पाहण्यात आलेला नाही. सार्वजनिक मालकीच्या लहरी वापरणाऱ्याला सवलत दिली, तर बदल्यात काय मिळालं हे विचारणं आपलं काम आहे.

तिसरी तक्रार संकटाच्या वेळेची आहे, आणि ती मी सविस्तर मांडते.

१८ जानेवारी २००२ च्या पहाटे नॉर्थ डकोटातल्या मायनट शहराजवळ मालगाडी रुळावरून घसरली आणि अमोनिया वायूचा लोट शहरावर आला. एकाचा जीव गेला, शेकडो लोकांना त्रास झाला. शहरातली सहाही व्यावसायिक स्टेशनं तेव्हा एकाच कंपनीच्या, क्लिअर चॅनेलच्या मालकीची होती. आम्ही स्टेशनला फोन करत राहिलो, कोणी उचलला नाही, असं पोलिसांनी सांगितलं. पोलिसांनी आपत्ती-सूचनेची यंत्रणा नीट वापरली नाही, असं कंपनीचं म्हणणं. दोष कोणाचा किती, यावर तेव्हापासून वाद आहे आणि मी त्यात न्यायाधीश होत नाही. पण त्या पहाटे लोकांनी रेडिओ लावला आणि आपल्या शहरात काय चाललं आहे हे त्यांना कळलं नाही, एवढं खरं.

आता दुसरी घटना. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी हेलेन चक्रीवादळ नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात शिरलं. ॲशव्हिल आणि आसपासची गावं वीज, पाणी, मोबाइल, इंटरनेट या सगळ्यांपासून तुटली. गाडीतला आणि बॅटरीवरचा रेडिओ तेवढा चालू होता. डब्ल्यूडब्ल्यूएनसी ५७० एएमवर निवेदकांनी नेहमीचे कार्यक्रम बाजूला ठेवले आणि लोकांचे फोन घ्यायला सुरुवात केली. पाणी कुठे मिळतंय, कोणता रस्ता वाहून गेला, कोणाची आई कोणत्या निवाऱ्यात आहे. ब्लू रिज पब्लिक रेडिओनेही तेच केलं. डब्ल्यूडब्ल्यूएनसीची मालक कंपनी आयहार्टमीडिया, म्हणजे नाव बदललेली तीच क्लिअर चॅनेल.

माननीय आयुक्तांनो, कंपनी तीच. ॲशव्हिलमध्ये फरक पडला, कारण ज्यांना तिथले रस्ते, ओढे आणि आडनावं माहीत होती अशी माणसं मायक्रोफोनपाशी होती. कोणत्या पुलाचं नाव घेतल्यावर श्रोत्याला धडकी भरेल, हे दुसऱ्या राज्यातल्या सर्व्हरला कळत नाही. आपल्या आजच्या नियमांप्रमाणे ॲशव्हिलच्या मालकाने ती माणसं तिथे ठेवण्याची सक्ती नव्हती. ती होती, हे त्या लोकांचं नशीब. मला ही गोष्ट नशिबावर सोडायची नाही.

चौथी तक्रार मालकीबद्दल. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्याआधी एका मालकाकडे देशभरात ४० पेक्षा जास्त स्टेशनं असू शकत नव्हती, २० एएम आणि २० एफएम. कायद्याने देशपातळीवरची मर्यादा काढली. मोठ्या शहरात एका मालकाला आठपर्यंत स्टेशनं चालतील असं ठरलं. काही वर्षांतच एका कंपनीकडे, त्याच क्लिअर चॅनेलकडे, १,२०० हून अधिक स्टेशनं जमा झाली. कर्जाखाली दबलेल्या त्या साम्राज्याला मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या शेकडो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. हा कायदा संसदेने केला, आपण नाही, हे मला ठाऊक आहे. पण उरलेली स्थानिक मर्यादा सैल करणं किंवा न करणं आपल्या हातात आहे. एका शहरातली आठ स्टेशनं एका मालकाची, स्टुडिओ कोणत्याच गावात असण्याची गरज नाही, आवाज आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेला: ही तिन्ही एकत्र आल्यावर काय होतं, ते आम्ही ऐकतो आहोत.

यात एक नुकसान असं आहे की त्याची नोंद कुठेच होत नाही. रेडिओतला माणूस तयार व्हायचा तो रात्रपाळीत. मध्यरात्र ते पहाटे पाच, जाहिराती कमी, ऐकणारे ट्रकचालक, नर्सेस, बेकरीवाले. नव्या मुलाने तिथे चुका करायच्या, अडखळायचं, आवाज सापडेपर्यंत बोलायचं. आता त्या वेळात आधीच मुद्रित केलेला आवाज वाजतो. शिकायची पायरीच काढली तर उद्याचा बॉबी हार्पर येणार कुठून?

पाचवी तक्रार लहान आहे, पण मला ती सगळ्यात जास्त खुपते. दर तासाच्या सुरुवातीला प्रत्येक स्टेशनने आपली ओळखीची अक्षरं, डब्ल्यूक्यूएक्सआयसारखी, आणि लगेच परवान्यातल्या गावाचं नाव सांगायचं, हा आपला नियम आजही जिवंत आहे. आमच्या गावाचं नाव आजही दर तासाला हवेत येतं. ते उच्चारणारा गावात कधी आलेला नाही. गावाचं नाव घेण्याची सक्ती ठेवायची आणि गावात असण्याची काढून टाकायची, हे नियम करणाऱ्यांना शोभत नाही. श्रोत्याची यात फसवणूक होते.

सहावी: ऑफिसं बंद होताना फिती, लॉगबुकं, छायाचित्रं कचऱ्यात गेली. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पुढाकाराने २०१४ पासून रेडिओ जतनासाठी अभ्यासकांचा एक गट काम करतो आहे, पण परवानाधारकावर काहीही जपण्याचं बंधन नाही. डब्ल्यूक्यूएक्सआयचे किस्से एका मालिकेमुळे जगले. बाकीच्या गावांना ह्यू विल्सन मिळाला नाही.

लहान मालकांची बाजू मला माहीत आहे, कारण पगारपत्रकं आमच्याच शेजारच्या टेबलावर बनत. दोन माणसं दिवसभर बसवणं एकाच स्टेशनच्या मालकाला जड जातं, वीज आणि टॉवरचा खर्च सुटत नाही, जाहिराती इंटरनेटने नेल्या. त्यांच्यासाठी सवलत हवी. पण जो नियम एकट्या मालकासाठी सैल करायला हवा होता, तो आपण शेकडो स्टेशनं असणाऱ्यांसाठीही काढून टाकला, आणि खरा फायदा त्यांनीच उचलला असं माझं मत आहे. शिवाय लहान स्टेशन आजही टिकू शकतं. डब्ल्यूक्यूएक्सआयच्याच ७९० एएमवर पुढे कोरियन भाषेतले कार्यक्रम सुरू झाले. स्थलांतरितांचा एक समाज आपल्या भाषेत बातम्या, जाहिराती, वकिलाचा सल्ला ऐकतो आहे. ज्या समाजाला रेडिओची गरज असते तो त्याला सांभाळतो. मला त्या ७९० चा हेवा वाटतो आणि आनंदही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत.

मुख्य स्टुडिओचा नियम नव्या रूपात परत आणा. परवान्याच्या गावात किंवा त्याच काउंटीत एक जागा, तिथे कामाच्या दिवशी ठरलेल्या वेळात किमान एक माणूस, आणि आणीबाणी जाहीर झाल्यास चोवीस तास हवेत थेट बोलू शकेल अशी व्यवस्था. एकच स्टेशन असलेल्या मालकांना ग्रंथालय, महाविद्यालय किंवा दुसऱ्या स्टेशनबरोबर जागा वाटून घेऊ द्या. चार टेबलं आणि एक माइक एवढ्यावर भागतं.

तासाच्या ओळखीत गावाच्या नावाबरोबर हेही सांगायला लावा की आवाज कुठून येतो आहे, तो आधी मुद्रित केलेला आहे का, आणि तो माणसाचा आहे की यंत्राने तयार केलेला.

स्थानिक मालकीची मर्यादा वाढवू नका. २०१७ च्या सवलतीतून काय वाचलं आणि ते कुठे गेलं, याची माहिती मोठ्या परवानाधारकांकडून मागवा आणि ती जाहीर करा. मर्यादेचा विचार त्यानंतर.

स्टेशनचं ऑफिस बंद करताना ध्वनिफिती आणि कागदपत्रं टाकून देण्याआधी जवळच्या विद्यापीठाला किंवा ग्रंथालयाला देऊ करणं बंधनकारक करा. त्यांनी नको म्हटलं तर गोष्ट वेगळी, पण विचारलं तरी पाहिजे.

आणि सुनावण्या घ्या. २००३ मध्ये आपल्याच आयोगाने स्थानिक प्रसारणावर कृतिगट नेमला होता. त्याच्या सुनावण्या शार्लट, सॅन अँटोनियो, रॅपिड सिटी अशा शहरांत झाल्या. सामान्य लोक माइकसमोर उभे राहून बोलले आणि आयुक्तांनी समोर बसून ऐकलं. तशा सुनावण्या पुन्हा घ्या, आणि मालकीच्या मर्यादेवर मतदान करण्याआधी घ्या. त्यातली एक ॲशव्हिलमध्ये घ्या. एक मायनटमध्ये. एक जॉर्जियातल्या अशा गावात घ्या, जिथे टॉवर आहे आणि स्टुडिओ नाही. जागा मिळवून देण्याची जबाबदारी मी आणि माझे जुने सहकारी घेतो. आमचा बातमीदार येईल, रिसेप्शनवरची बाई येईल, जाहिरात बोलून लिहून घेतलेल्या त्या शेतकरी बाईंनाही मी घेऊन येईन. तारीख किमान महिनाभर आधी कळवावी, कारण आमच्यातले बरेच जण आता दुसरीकडे नोकऱ्या करतात आणि त्यांना रजा मागावी लागेल.

आपली,
जॉर्जियातल्या एका बंद पडलेल्या स्टेशन-ऑफिसची माजी कर्मचारी आणि आजची श्रोती